पडद्याला हात कुणाचा?

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर गेला की सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलेल्या दुचाक्यांवर एकही चेहरा दिसत नाही. मुली स्कार्फची तिरकी घडी घालतात, कपाळावरून घेऊन नाकावरून फिरवतात, मानेमागं गच्च गाठ मारतात आणि वरून गॉगल चढवतात. हातात कोपरापर्यंत मोजे, अंगात सनकोट. पुरुष पंचा नाहीतर टॉवेल गुंडाळतात. त्या गर्दीत कोण कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची, हे सख्ख्या आईलाही ओळखता येणार नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं अशीच चेहरा बांधून कोर्टात जाते. ऊन हे त्याचं एक कारण. दुसरं कारण प्रत्येक मुलीला ठाऊक असतं, पण घरी ते कुणी बोलत नाही. चेहरा बांधला की टपरीवरच्या नजरा चुकतात. आपण कुणाबरोबर होतो, किती वाजता परतलो, याचा हिशेब गल्लीतल्या काकांना ठेवता येत नाही. त्या दीड-दोन मीटर कापडानं या शहरातल्या मुलींना रस्ता मोकळा करून दिला आहे.

त्याच सिग्नलला विजापूर वेशीकडून एक मुलगी काळा बुरखा घालून येते. कापड जरा जास्त, रंग वेगळा, एवढाच फरक. पण तिच्याबद्दल बघणाऱ्यांची मतं तयार असतात. कुणी म्हणतं मागासलेली, कुणी म्हणतं घरच्यांची जबरदस्ती, कुणी म्हणतं मुद्दाम दाखवायला घालते. पलीकडच्या गाडीवर डोक्यावरून पदर ओढून घेतलेली मारवाडी सून बसलेली असते. तिच्याबद्दल मात्र कुणाला काहीच वाटत नाही.

पडद्याबद्दल आपण जेव्हा जेव्हा वाद घालतो तेव्हा डोळे कापडावर ठेवतो, असं मला वाटतं. ते हातांकडे वळवायला हवेत. कापड कुणाच्या हातानं चढलं? ते उतरवायला कुणाचा हात पुढं आलाय? ते काढलं किंवा घातलं तर त्या बाईचं काय जाणार आहे: घर, नोकरी, कॉलेजचा प्रवेश? आणि त्याहून महत्त्वाचं, पडद्यामागं बसलंय कोण? माणूस असेल तर कायद्यानं हात आखडता घ्यावा. पैसा किंवा सत्ता असेल तर तो पडदा ओढणं हे कायद्याचं कामच आहे. आपल्याकडे आज नेमकं उलट चाललंय. मुलींच्या डोक्यावरच्या कापडासाठी परिपत्रकं निघतात, आणि ज्यांच्या हातात हजारोंची रोजीरोटी आहे ते सात पडद्यांआड निवांत आहेत.

साहित्यानं हा हाताचा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात शकुंतला दुष्यंताच्या दरबारात येते ती अवगुंठन घेऊन. राजा तिला ओळखत नाही. तेव्हा आश्रमातून तिच्यासोबत आलेली गौतमी म्हणते, थांब, तुझा पडदा दूर करते, म्हणजे तरी तो ओळखेल. पडदा दूर होतो, चेहरा भर दरबारात उघडा पडतो आणि राजा तरीही ओळख नाकारतो. दुर्वासाचा शाप होता, हे आपल्याला माहीत आहे. पण त्या दरबारात उभ्या गरोदर बाईला ते माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की चेहरा दाखवूनही भागलं नाही. ‘चेहरा दिसल्याशिवाय विश्वास कसा बसणार’ असं आजकाल फार ऐकू येतं. त्या सगळ्यांनी हा अंक पुन्हा वाचावा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी हेच नाटक मराठी संगीत रंगभूमीवर उभं केलं. आपल्या नाटकाच्या पायातच हा प्रसंग पुरलेला आहे. वेदान्तात मायेच्या दोन शक्ती सांगतात, आवरण (खरं झाकणं) आणि विक्षेप (नसलेलं दाखवणं). दोरीवर साप दिसतो तेव्हा दोरीवर काही पांघरलेलं नसतं, झाकण बघणाऱ्याच्या बुद्धीवर असतं. दुष्यंताचं तेच झालं होतं.

‘मृच्छकटिका’त तर पडदा ही बढती आहे. वसंतसेना गणिका. स्वतःचा वाडा, स्वतःची संपत्ती, उज्जयिनीत स्वतःच्या मर्जीनं फिरणारी बाई. शेवटच्या अंकात नवा राजा प्रसन्न होऊन तिला ‘वधू’ ही पदवी बहाल करतो आणि त्या राजाचा साथीदार शर्विलक तिच्या डोक्यावरून अवगुंठन घालतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मला तो प्रसंग आवडतो आणि टोचतोही. आवडतो, कारण समाजानं जिला बाजारात बसवलं तिला मान मिळाला. टोचतो, कारण त्या मानाचं कापड राजाज्ञेनं आलं आणि पुरुषाच्या हातानं चढलं. बाईची प्रतिष्ठा सरकार ठरवणार, हा रिवाज शूद्रकाच्या काळापासूनचा आहे.

आपल्या मराठी मुलखातही पडदा मुळात ऐपतीची खूण होता. सरदार-सरंजामदारांच्या वाड्यांत गोषा असे; बायका मेण्यातून जात, चिकाच्या पडद्याआडून बघत. त्याच गावात खुरपायला, सरपणाला, पाण्याला जाणाऱ्या बाईला गोषा परवडत नव्हता, आणि तिची अब्रू त्यामुळं स्वस्त मानली जाई. अब्रू झाकण्याचा हक्क हीसुद्धा जातीची मिरासदारी होती. दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात नाडर जातीच्या बायकांना उच्चवर्णीयांसमोर छाती झाकायची बंदी होती. त्यांनी मारहाण सोसून, अंगावरचे कपडे फाडून घेऊन ती लढाई चालू ठेवली आणि १८५९ साली राजाला जाहीरनामा काढावा लागला. तिथं झाकणं हेच बंड होतं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकरांनी दलित बायकांना सांगितलं की लुगडं नेसण्याची जी पद्धत आणि अंगावरचे जे दागिने तुमची जात लांबून ओळखू देतात, ते सोडा. दुसऱ्याच दिवशी बायका पायघोळ लुगडी नेसून आल्या. म्हणून पडदा म्हणजे गुलामी आणि उघडं म्हणजे मुक्ती, हे समीकरण आपल्या इतिहासात टिकत नाही. त्याच्या उलट समीकरणही टिकत नाही.

सोलापूरच्या मातीला हे वेगळं सांगायला नको. इथून ७०-७५ किलोमीटरवर पंढरपूर. तिथं नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई म्हणून गेली:

डोईचा पदर आला खांद्यावरी ।
भरल्या बाजारी जाईन मी ॥

पदर खांद्यावर ‘आला’ आणि मी बाजारात ‘जाईन’. मधे कुणाची परवानगी नाही. पुढं ती विचारते, आता मज मना कोण करी? या वागण्याला लोक काय नाव ठेवतील हेही तिला ठाऊक आहे. ‘जनी म्हणे देवा मी झालें येसवा’, म्हणजे वेश्या, हे ती स्वतःच म्हणून टाकते. जगानं द्यायची शिवी तिनं आधीच उचलून देवाच्या दारात ठेवली. दर आषाढीला लाखो लोक हा अभंग गातात. गाणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी सुनेचा पदर ढळला तर कपाळाला आठी पडत नाही, हा प्रश्न मी दर वर्षी स्वतःशी विचारते.

दुसरी आठवण कन्नडची आहे, म्हणजे तीही आपलीच. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवण्णांच्या काळातले. अल्लमप्रभू त्यांना सोन्नलगीहून, म्हणजे या सोलापुरातूनच, कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, घेऊन गेले अशी शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या पंथातल्या संतांच्या, परंपरेतली कथा आहे. त्याच कल्याणला संतकवयित्री अक्कमहादेवी आली ती वस्त्र टाकून, फक्त केसांनी अंग झाकून. अल्लमांनी तिला सगळ्या शरणांसमोर अडवलं: वस्त्राचा मोह सुटला म्हणतेस, मग केसांआड का लपतेस? तिनं जे उत्तर दिलं त्याचा आशय असा, की फळ आतून पिकल्याशिवाय सालीचा रंग जात नाही. आणि माझ्या अंगावरच्या खुणा पाहून तुम्हालाच त्रास होईल म्हणून मी झाकलंय. बघा, एकीनं वस्त्र टाकलं तेही स्वतः, आणि केस ओढून घेतले तेही स्वतः. काय झाकायचं, कुणासाठी झाकायचं आणि कधीपर्यंत, हे तिचं तिनं ठरवलं, आणि विचारणाऱ्या गुरूलाही ते पटलं. गड्ड्याच्या यात्रेत ज्या सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज आपण खांद्यावर घेतो, त्यांच्या सोबतीला बसणाऱ्या बाईची ही गोष्ट आहे.

आता सरकारच्या हाताकडे येऊ. इराणचं उदाहरण सगळ्यांनाच आपापल्या सोयीनं द्यायला आवडतं. ते पूर्ण द्यायला हवं. १९३६ साली रझा शाहनं हुकूम काढला आणि पोलीस रस्त्यावर बायकांच्या डोक्यावरची चादर ओढू लागले. कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच बंद केलं. १९७९ च्या क्रांतीनंतर सरकार बदललं आणि तेच पोलीस हिजाब सक्तीनं घालायला लावू लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही २२ वर्षांची तरुणी याच सक्तीपायी पोलिसांच्या ताब्यात मेली आणि देश पेटला. एकाच देशात शंभर वर्षांच्या आत दोन्ही हुकूम निघाले आणि दोन्ही वेळा मार बाईनं खाल्ला. फ्रान्सनं २००४ साली शाळांतून डोक्यावरचं कापड काढलं, २०११ पासून सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी केली; युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं २०१४ साली ती ‘एकत्र राहण्यासाठी’ म्हणून मान्यही केली. मग २०२० साली करोना आला आणि तेच सरकार चेहरा उघडा दिसला तर दंड करू लागलं. एकत्र राहणं मास्कनं मोडलं नाही. मग ते बुरख्यानंच मोडतं, असं का?

आपल्या दारात हा प्रश्न कर्नाटकातून आला. अक्कलकोटच्या पुढं गेलं की सीमा कुठं लागली हे पाटी वाचून कळतं. विजापूर, कलबुर्गीशी आपले सोयरसंबंध आहेत. उडुपीच्या सरकारी कॉलेजातल्या मुलींना हिजाबमुळं वर्गाबाहेर ठेवलं गेलं, ५ फेब्रुवारी २०२२ ला गणवेशाचा सरकारी आदेश निघाला, १५ मार्चला कर्नाटक उच्च न्यायालयानं निकाल दिला की हिजाब ही इस्लामची अत्यावश्यक धार्मिक प्रथा नाही, म्हणून आदेश योग्य. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मतं झाली. न्या. हेमंत गुप्ता यांनी आदेश उचलून धरला. न्या. सुधांशू धुलिया यांनी तो रद्द ठरवताना म्हटलं की हा शेवटी निवडीचा प्रश्न आहे, आणि आधीच अडचणीत शिकणाऱ्या मुलीच्या वाटेत आपण आणखी एक अडथळा का उभा करतोय, हे विचारलं. प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं. कोर्टाची तारीख पुढं जाते. मुलीचं बारावीचं वर्ष पुढं जात नाही.

वकील म्हणून मला त्या उच्च न्यायालयाच्या निकालातली एक गोष्ट खटकते. ‘ही प्रथा धर्मात अत्यावश्यक आहे का’ ही कसोटी १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यापासून चालत आली. तो वाद एका मठाच्या कारभारात सरकारनं किती हात घालावा याचा होता. तीच कसोटी सतरा वर्षांच्या मुलीला लावली की सिद्ध करण्याचं ओझं तिच्या डोक्यावर येतं. तिनं ग्रंथ उघडायचे, अर्थ लावायचे, मौलवींचे दाखले आणायचे. तिच्या मनाला काय वाटतं हा प्रश्न बाजूलाच राहतो. आणि गंमत नव्हे, दुःख असं की तिनं खटला जिंकला असता तरी त्यातून निघालं असतं की हिजाब मुसलमान बाईला अत्यावश्यक आहे; मग न घालणाऱ्या तिच्या बहिणीचं काय? या कसोटीनं दोघींचंही नुकसान होतं.

आपल्याच कायद्यात याहून शहाणी वाट आहे. ‘पर्दानशीन’, म्हणजे पडद्यात राहणाऱ्या, बाईबद्दलचा नियम प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश अमलातल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टाच्या, काळापासून आहे. अशा बाईकडून खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र करून घेतलं असेल तर तिला तो दस्त समजला होता आणि तिनं मोकळेपणानं सही केली, हे सिद्ध करायची जबाबदारी दस्ताचा फायदा घेणाऱ्यावर. पुढं कोर्टांनी हेच संरक्षण अडाणी, वृद्ध, गरीब बायकांनाही दिलं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं १३२ वं कलम तर रिवाजानुसार लोकांपुढं न येणाऱ्या बाईला कोर्टात जातीनं हजर राहण्यातून सूट देतं. जमीनदारांच्या बायकांसाठी कायदा एवढा समजूतदार झाला. पडद्यामागच्या दुबळ्या बाईला त्यानं प्रश्न विचारला नाही, समोरच्या बळकट माणसाला विचारला. तोच न्याय कॉलेजच्या दारात लावा. मुलीला विचारू नका की हे कापड का. कॉलेजला विचारा की या कापडानं तुमचं शिकवणं नेमकं कुठं अडलं.

काही ठिकाणी अडतं, हे मी मान्य करते. परीक्षेत ओळख पटवावी लागते, कॉपी रोखावी लागते, प्रयोगशाळेत बर्नरजवळ लोंबतं कापड धोक्याचं असतं, मतदान केंद्रावर चेहरा बघावा लागतो. या सगळ्याला उत्तरं आहेत आणि ती साधी आहेत. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वेळी केरळ उच्च न्यायालयानं २०१६ साली सांगितलं की मुलींनी अर्धा तास आधी यावं, महिला पर्यवेक्षिकेनं तपासणी करावी आणि मग पेपरला बसू द्यावं. संपला प्रश्न. चेंबूरच्या एका कॉलेजनं हिजाब, टोपी, बॅज यांवर बंदी घातली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये मुलींची याचिका फेटाळली, पण ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या परिपत्रकाला अंशतः स्थगिती दिली. टिळा आणि टिकलीवरही बंदी घालणार का, असं न्यायमूर्तींनी विचारलं. वर्गात चेहरा झाकणारा बुरखा मात्र चालणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. शिकवताना समोरच्याचे ओठ-डोळे दिसावेत ही शिक्षकाची गरज मला रास्त वाटते. केस दिसायला हवेत, ही गरज कुणाची आहे?

आता सगळ्यात अवघड आक्षेप, आणि तो माझ्या जवळच्या माणसांकडून येतो. निवड-निवड काय म्हणता, लहानपणापासून कानीकपाळी ओरडून घडवलेली निवड ती काय निवड? या आक्षेपाला मी हलकं समजत नाही. डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात पडद्याच्या चालीवर कठोर लिहिलं आहे: बाईच्या तब्येतीवर, मनावर आणि दोन समाजांतल्या दळणवळणावर तिचा काय परिणाम होतो, ते सांगताना त्यांनी शब्द राखून ठेवले नाहीत. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला आणि तोंडी तलाकावर बोट ठेवलं. त्या सात जणींना घरातून, मोहल्ल्यातून काय ऐकावं लागलं असेल? घरचा हात सरकारच्या हाताइतकाच जड असतो, पुष्कळदा जास्तच. बुरखा नको म्हणणाऱ्या मुलीची शाळा तोडणारा बाप, जीन्स घातली म्हणून सुनेला माहेरी धाडणारी सासू, डोक्यावर पदर घेतला नाही म्हणून चारचौघांत टोमणा मारणारा दीर, या सगळ्यांच्या विरोधात मी उभी आहे आणि राहीन. पण त्या बापाचा हात पकडायचा मार्ग कॉलेजचं फाटक बंद करून मिळत नाही. फाटक बंद झालं की त्याच बापाचं काम सोपं होतं: चला, बरं झालं, आता घरी बस, लग्न उरकून टाकू. घरापेक्षा वेगळं जग जिथं दिसतं, वेगळी मैत्रीण जिथं भेटते, चार पुस्तकं जिथं हातात पडतात, ती जागाच तिच्याकडून काढून घ्यायची आणि वर म्हणायचं आम्ही तुला मुक्त करतोय! आज हिजाब घालून बी.एस्सी. करणारी मुलगी उद्या तो ठेवेल की काढेल, हे मला माहीत नाही. स्वतःच्या पगारावर उभी राहिल्यावर ती जे ठरवेल ते तिचं असेल, एवढी खात्री आहे.

जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञानं १९७१ साली न्यायाची एक कसोटी मांडली, तिचं नावच ‘अज्ञानाचा पडदा’. समाजाचे नियम करायला बसणाऱ्यांनी असं धरून चालायचं, की या समाजात आपण कोण म्हणून जन्मणार हे आपल्याला माहीत नाही. श्रीमंत की गरीब, बाई की पुरुष, बहुसंख्य की अल्पसंख्य, काहीच माहीत नाही. मग जो नियम पटेल तो न्याय्य. आपल्या शहरातल्या कुठल्याही संस्थेच्या कार्यकारिणीनं गणवेशाचा नियम करण्याआधी पाच मिनिटं ही कसोटी लावून बघावी. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकानं समजावं की उद्या सकाळी मी नई जिंदगी वस्तीतल्या एखाद्या भाड्याच्या खोलीत, घरातली पहिली कॉलेजला जाणारी मुलगी म्हणून उठणार आहे. कोण बंदीला हात वर करेल? गांधारीनंही डोळ्यांवर पट्टी बांधली होती, पण ती नवऱ्याशी बरोबरी म्हणून. पुढं राज्य बुडेपर्यंत ती सुटली नाही. रॉल्सचा पडदा स्वतःचा स्वार्थ दिसू नये म्हणून आहे, दुसऱ्याचं दुःख दिसू नये म्हणून नाही. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती बसली, तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही आणि हातात तलवारीच्या जागी संविधान आहे. मूर्तीकारानं पट्टी काढली, हे चांगलं झालं.

उघड्या डोळ्यांनी तिनं बघावं ते मात्र दुसऱ्याच पडद्यांकडे. कायद्याच्या पुस्तकात एक पडदा असा आहे ज्याचा मान कोर्टानं १०० वर्षांहून जास्त काळ राखला आहे: कंपनीचा. लंडनमधल्या सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्यानं आपला धंदा कंपनीच्या नावावर केला, कंपनी बुडाली, आणि १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं सांगितलं की कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. कंपनीचं देणं त्याच्याकडून मागता येणार नाही. व्यापार वाढायला हे तत्त्व उपयोगी पडलं, हे खरं. पण कष्टकऱ्यांच्या बाबतीत त्याचं काय होतं ते सोलापूरइतकं स्पष्ट क्वचितच दिसेल.

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत, शास्त्री नगरात, अशोक चौकाच्या आतल्या गल्ल्यांत दुपारी दारोदार बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसतात. ओलं केलेलं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. बोलता बोलता बोटं चालतात, डोळे सुपाकडे नसतातच. हजार बिड्या झाल्या की मोजून द्यायच्या, त्यातल्या वाईट म्हणून काही बाद होणार, बाद झालेल्यांचे पैसे नाहीत. अशाच एका बाईला मी साक्षीच्या तयारीला बसवलं होतं. तेलुगू घरातली, मराठी बोलत होती. विचारलं, “तुमचे मालक कोण, नाव सांगा.” ती म्हणाली, “मालक कोन ते मला कसं ठावं, वकीलबाई? पानं-तंबाखू जे देतंय आन् बिड्या मोजून घेतंय, तेच की आमचं मालक.” ते ‘जे’ म्हणजे मधला माणूस. बंडलावरच्या लेबलावर ज्याचं नाव छापलंय त्याला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा उघडा होता, आधार, फोटो, अंगठा, बँकेचं खातं सगळं हजर होतं. पडद्याआड होता तो मालक.

या पडद्याला हात घालायची धमक कायद्यानं दाखवलेली आहे. १९६६ साली बिडी-सिगार कामगारांचा कायदा आला, त्यानं घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. कारखानदार कोर्टात गेले आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा टिकवला. १९७८ मध्ये केरळातल्या एका दोरखंड कारखान्याचा खटला आला. मालक म्हणाला, हे कामगार माझे नव्हेत, ठेकेदाराचे. न्या. कृष्ण अय्यर यांनी विचारलं, जागा कुणाची, कच्चा माल कुणाचा, तयार माल कोण नेतं, आणि काम थांबलं तर पोट कुणाचं मारलं जातं? पडदा उचलून बघा, आत दिसतो तोच खरा मालक, असा त्या निकालाचा आशय आहे. लेबर कोर्टात मी तो कितीदा वाचून दाखवला असेल. पण तेव्हापासून ठेकेदारी वाढतच गेली. आज सरकारी कचेरीत झाडू मारणारी, दवाखान्यात फरशी पुसणारी, टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालणारी बाई कुणाची नोकर आहे, हे तिच्या पगारपत्रकावरून कळत नाही. कधी पगारपत्रकच नसतं. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कापले गेले, भरले नाहीत. ठेकेदार बदलला, नाव बदललं, जुना गेला कुठं ते कुणाला माहीत नाही.

वरच्या मजल्यावर याहून मोठे पडदे आहेत. निवडणूक रोख्यांतून कोण कोणत्या पक्षाला किती देतंय हे मतदाराला कळू नये अशी सोयच २०१८ पासून होती. १६ हजार कोटींहून जास्त रक्कम त्या पडद्याआडून गेल्यावर १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं योजना घटनाबाह्य ठरवली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं की आता सामान्य माणसाला आडोसा मिळेल. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं त्याच खासगीपणाच्या नावाखाली माहिती अधिकाराचं कलम बदललं. वैयक्तिक माहिती असली तरी लोकहितासाठी ती द्यावी लागे, ती अट त्या कलमातून गेली. ठेकेदाराचं नाव, अधिकाऱ्याची मालमत्ता, कामगाराच्या हजेरीपटातली बोगस नावं, यांतलं काहीही उद्या ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारता येईल. ज्या राज्यकारभाराला मुलीच्या कानावरचं कापड खपत नाही, तोच स्वतःवर पांघरूण ओढून घेतोय.

सोलापुरात आपण दोन कामं लगेच करू शकतो. आपल्या कॉलेजांनी गणवेशाच्या नियमात एक ओळ लिहावी, की चेहरा दिसत असेल तर डोक्यावर काय आहे यावरून कुणालाही वर्गाबाहेर ठेवलं जाणार नाही, आणि परीक्षेच्या तपासणीला महिला कर्मचारी असेल. आणि ज्या ज्या कचेरीत, दवाखान्यात, कारखान्यात ठेक्यावर माणसं राबतात, तिथं फाटकावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत पाटी लागावी: ठेकेदाराचं नाव, मूळ मालकाचं नाव, ठरलेली मजुरी, निधीचा खाते क्रमांक, तक्रार कुणाकडे करायची. पहिल्या कामाला ठराव लागतो. दुसऱ्याला एक पत्रा आणि रंगाचा डबा लागतो. त्याची मागणी मी येत्या महिन्यात लेखी करणार आहे, ज्यांना सही करायची असेल त्यांनी कोर्टाच्या आवारात यावं.